दोन्ही उकार ऱ्हस्व

जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली होती आणि तिच्यात एक उकार चुकला होता. माझ्या एका हातात दुधाचं भांडं होतं. खिशात पेन्सिल होती. नोकरी सुटली तरी ती सुटलेली नाही. 'कुटूंब' असं लिहिलं होतं. मी भांडं पायरीवर ठेवलं, दीर्घ उकार खोडला, त्याच्या जागी ऱ्हस्व काढला, समासात नेहमीची बारीक रेघ ओढली आणि वर निघालो. चार पायऱ्या चढल्यावर ध्यानात आलं की आपण नोटीस वाचलेलीच नाही. हे मला नवीन नव्हतं. पुण्याच्या छापखान्यात चौतीस वर्षं मी प्रुफं तपासली आणि पहिल्याच आठवड्यात फोरमननं सांगितलं होतं, "अर्थात गुंतलास की अक्षर निसटलं म्हणून समज." मी गुंतलो नाही. लग्नपत्रिका, श्राद्धाची निमंत्रणं, दिवाळखोरीच्या जाहिराती, सगळं माझ्या नजरेखालून काना-मात्रा होऊन गेलं. एकदा तर सख्ख्या मावसभावाच्या निधनाची बातमी तपासून मी खाली सही केली होती आणि घरी तार आल्यावर रडलो होतो. म्हणून मी खाली उतरलो आणि या वेळी अर्थासाठी वाचलं. सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गाळा नंबर सातचे सभासद कै. रंगराव यांचे पश्चात त्यांचे 'कुटुंब' नसल्याने पोटनियम तेवीस अन्वये सदर गाळा संस्था परत घेत आहे. गाळ्यात राहत असलेल्या बाईंनी एक महिन्याचे आत जागा खाली करावी. राहत असलेल्या बाई म्हणजे कुसुमताई, रंगरावची थोरली बहीण. आणि पोटनियम तेवीस म्हणजे मी.

म्हणजे तो मी लिहिला होता. तीन वर्षांपूर्वी, पंचावन्न साली, पिंपरीच्या माळावर औषधांचा सरकारी कारखाना सुरू झाला त्या सुमाराला, आम्ही बारा जणांनी सहकारी गृहरचना संस्था काढली. रंगराव त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता. चिंचवडला आमच्या शेजारच्या खोलीत तो आणि त्याची बहीण राहत, आणि त्यानंच मला या भानगडीत ओढलं. "दत्तोबा, तुम्हाला भाषा येते. सरकारी नमुना इंग्रजीत आहे, तो मराठीत करा. बाकीचं आम्ही बघतो." भाषा येते असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. चुका दिसतात एवढंच म्हणायचे. मी लाजलो आणि कबूल झालो. दोन महिने मी तो नमुना पुढे घेऊन बसे. इंग्रजीत एक साधा शब्द होता, घरातल्या माणसांसाठी. मी लिहिलं, 'सभासदाच्या पश्चात त्याचे कुटुंब गाळ्यात राहू शकेल. कुटुंब नसल्यास गाळा संस्थेकडे परत येईल.' तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दोन्ही उकार ऱ्हस्व होते. पण आमच्या पिढीचा कुठलाही पुरुष बायकोचा उल्लेख करताना काय म्हणतो? "कुटुंब माहेरी गेलंय." "कुटुंबाला बरं नाही." मीही छापखान्यात रजा मागताना हेच म्हणत असे. आणि रंगरावचं लग्न झालेलं नव्हतं. मागच्या श्रावणात तो तापानं गेला, वारसपत्र न भरता गेला, कारण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारसपत्र भरणं हा त्याला अपशकुन वाटे. कमिटीचं म्हणणं सरळ होतं. शेअर बहिणीला जाईल, त्याबद्दल वाद नाही; पण राहायचा हक्क कुटुंबाचा, आणि कुटुंब म्हणजे बायको.

दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं. मी ओट्यापाशीच उभा होतो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कुसुमताईंची काळजी वाटली नाही. मला पेन्सिलीची काळजी वाटली. ती समासातली रेघ. इमारतीतले सगळे ओळखतात ती. गणपतीच्या वर्गणीची पत्रकं, पाण्याच्या वेळांचा तक्ता, सगळ्यांवर ती असते, आणि 'दत्तोबांनी पाहिलं' असा तिचा अर्थ होतो. मी धावत खाली जाऊन ती रबरानं पुसायचं ठरवलं. गेलो तर तिथं गाळा नंबर दोनच्या अंबूबाई नोटिशीपुढे उभ्या होत्या आणि मला बघून त्यांनी पदर सावरला. मी उगाच पत्रपेटीत हात घालून परत आलो. माझं आयुष्य बरंचसं असं गेलं आहे.

दुपारी मात्र समोरच्या दारावर थाप मारली. कुसुमताई पाट घेऊन हुलगे निवडत बसल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, काटक बाई. कपाळ मोकळं, डोळे तरतरीत. "या," त्या म्हणाल्या. "पेन्सिल आणलीत का? आमच्या भिंतीवर पण काही चुकलं असेल तर बघा." मी उंबऱ्यातच उभा राहिलो. म्हणालो, "मी वाचलं नव्हतं हो." "तपासलं पण वाचलं नाही?" "हो." त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ताटातले हुलगे हलले. "रंगा म्हणायचा तेच खरं. म्हणायचा, ताई, दत्तोबांना आपलं मरणाचं पत्र दाखवलं तर ते आधी शुद्धलेखन बघतील." हे तो माझ्या पाठीमागे बोलत होता आणि प्रेमानं बोलत होता. मी खाली बसलो आणि त्यांच्यासमोरचे हुलगे निवडू लागलो. खडे मला चटकन दिसतात. त्या बोलत राहिल्या. पंधराव्या वर्षी साथीत नवरा गेला आणि कपाळ पुसून त्या माहेरी आल्या, नगरकडे. त्याच साथीत आई-वडील गेले. रंगा पाच वर्षांचा. तेव्हापासून त्याचं शिक्षण, नोकरी, कारखाना, सगळ्या गावांतून त्याच्या मागे ताईचं दळायचं जातं. "मुली दाखवल्या की. नाही दाखवल्या असं नाही. पण त्याला कुणाचं नाक दिसायचं, कुणाचे पाय. मी म्हटलं, तुला काय मोरपिसाची बायको पाहिजे?" मग म्हणाल्या, "आता चेअरमन मालोजीराव म्हणतात, ताई, गावाकडं जावा. गाव कुठलं? धाकट्या दिरानं मला एकोणीसशे बावीस साली ओसरीवर उभं केलं होतं, पाणीसुद्धा न विचारता. त्या ओसरीवर जाऊ? पंचावन्न साली ही जागा चुन्यानं आखली ना, तेव्हा रंगानं मला त्या रेघेत उभं केलं आणि म्हणाला, ताई, ही तुझी चूल. माझ्या जन्मात मला कुणी दाखवून दिलेली ही पहिली जागा, दत्तोबा." मी मान खाली घालून खडे काढत होतो. "भांडायला मी भीत नाही," त्या म्हणाल्या. "भांडायचं कसं तेवढं सांगा."

मला ते माहीत नव्हतं. कायद्याची पुस्तकं मी अनेक तपासली होती, पण वर सांगितलं तसं. मी इकबालकडे गेलो. इकबाल संस्थेचा सेक्रेटरी, गाळा नंबर चार. मुंबई रस्त्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मला बघून म्हणाला, "उकार माझाच होता, दत्तोबा. उर्दू शाळेत शिकलो, उकार माझे कच्चेच राहिले. पण कायदा कच्चा नाही." नोटीस त्यानं लिहिली होती, कारण कमिटीनं पाचापैकी तीन हातांनी ठराव केला होता आणि सेक्रेटरीला लिहिणं भाग. त्याचा हात त्या तिघांत नव्हता. ओल्या बोटांनी त्यानं गल्ल्याखालून सहकार कायद्याचं पिवळं पुस्तक काढलं. "ऐका. जागा काढून घेणं कमिटीच्या हातात नाही. कमिटी म्हणजे कोण? आम्ही पाच माणसं, सतरंजीवर बसलेली. सभासद, त्याचा वारस, यांचं संस्थेशी भांडण झालं तर ते रजिस्ट्रारकडे जातं. ते लवाद नेमतात. लवाद दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल देतो. निकाल होईपर्यंत कुसुमताईंच्या कडीला हात लावायची कुणाची ताकद नाही, मालोजीरावांची पण नाही." मी विचारलं, "अर्ज कोण लिहील?" "मी." "अरे, तू सेक्रेटरी ना? नोटीसही तुझी आणि तिच्याविरुद्ध अर्जही तुझा?" इकबालनं ट्यूबवर सोल्यूशन लावलं, फुंकर घातली आणि म्हणाला, "सेक्रेटरीनं असं करू नये हे पोटनियमात कुठे आहे? तुम्हीच लिहिलेत, सांगा की!" तसं कुठेच नव्हतं. अर्ज त्यानं लिहिला, उकार मी बघितले, आणि या वेळी मी तो तीनदा अर्थासाठी वाचला.

तारीख लागायला नोव्हेंबर उजाडला. अर्जात इकबालनं शेवटी एक ओळ घातली होती: 'पोटनियमांचा मराठी तर्जुमा करणारे गृहस्थ हयात असून ते अर्थ सांगतील.' हयात असण्याची मला इतकी धास्ती कधी वाटली नव्हती. रोज सकाळी फिरायला निघालो की मी माळावर एकटाच बोलत असे. "कुटुंब म्हणजे घरातील सर्व माणसे." सोपं वाक्य आहे. शब्दकोशात आहे. पण लवाद शब्दकोश विचारणार नव्हता, तो मला विचारणार होता की लिहिताना तुमच्या मनात काय होतं, आणि मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्या दोन महिन्यांत माझी पत्नी आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. तिला दमा होता आणि मधूनमधून ती विचारी, "कुठवर आलं?" मी म्हणे, "सोळावं कलम." तेविसाव्यापाशी मी थांबलो होतो. मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, माझा नंबर आधी, हे गृहीत होतं. मी गेल्यावर हिला कुणी जागेवरून उठवू नये, एवढाच विचार तेव्हा मनात होता. मी कुटुंब लिहिलं आणि आतल्या खोलीकडे बघितलं. पुढं क्रम चुकला. बांधकाम छतापर्यंत आलं आणि ती गेली. नव्या जागेत मी एकटाच आलो, आणि पहिल्या दिवसापासून समोरच्या दारातून झाकलेलं ताट यायला लागलं. तेव्हा खरं बोलायचं तर मालोजीराव बरोबर होते. माझ्या मनात बायकोच होती.

पण आणखी एक होतं. मसुदा झाल्यावर सगळे प्लॉटवर जमले होते आणि मी तो वाचून दाखवला होता. माझा आवाज पहिल्या ओळीतच बसतो, लोक मध्येच "मोठ्यानं!" म्हणत होते. तेविसाव्या कलमाला रंगराव म्हणाला होता, "यात आमची ताई येते ना?" आणि मालोजीराव म्हणाले होते, "येती की!" हे मला नोटीस लागल्यावर आठवायला लागलं. आधी नुसता आवाज आठवला. मग आठवड्यानं चिंचेचं झाड आठवलं, ज्याच्या सावलीत आम्ही बसलो होतो. मग रंगरावच्या हातातली टोपी. मग मालोजीरावांनी तंबाखू मळता मळता मान हलवली तेही आठवलं. पहिलं प्रूफ चुकांनी भरलेलं असतं. तिसरं स्वच्छ येतं. ही आठवण रोज तिसऱ्या प्रुफासारखी स्वच्छ होत चालली होती आणि म्हणूनच मला तिची भीती वाटायला लागली. हे घडलं होतं, की कुसुमताईंना घराबाहेर काढू नये म्हणून माझं मन रात्रंदिवस अक्षरांचे खिळे जुळवत होतं? ज्या माणसाला स्वतःच्या मावसभावाचं मरण छापताना दिसलं नाही, त्याच्या आठवणीवर किती विसंबायचं? मी कुसुमताईंना हे सांगायचं ठरवलं होतं. तारखेच्या आदल्या संध्याकाळी दारात गेलो. त्या म्हणाल्या, "उद्या जाताना मफलर घ्या, सकाळचं गार असतं." मी "बरं" म्हणालो.

पुण्याला सहकार खात्याच्या कचेरीत एका लांबट खोलीत टेबल होतं आणि पलीकडे लवाद, यशवंतराव नावाचे मध्यमवयीन वकील, सर्दीनं बेजार झालेले. मालोजीराव लाल फेटा बांधून आले होते. ते संस्थेचे चेअरमन. ज्या माळावर इमारत आहे ती जमीन त्यांच्या घराण्याची. ती त्यांनी संस्थेला दिली आणि पहिला गाळा घेतला. सातव्या गाळ्यावर त्यांच्या जावयाचा डोळा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनीही लपवलं नव्हतं. त्यांनी धोतराच्या सोग्यातून घडी केलेला कागद काढला. ती नोटीस होती, फळ्यावरून खळीसकट उचकटलेली. "सायेब, ज्यानं कायदा लिवला त्यानंच ही नोटीस तपासली. ही बगा पेन्सिल. त्येंनी अक्षर दुरुस्त केलं, अर्थ न्हाई. अर्थ चुकला असता तर त्यो बी दुरुस्त केला असता का न्हाई?" यशवंतरावांनी रुमालात नाक शिंकरलं आणि माझी रेघ निरखून बघितली. इकबाल माझ्याकडे बघत होता. कुसुमताई भिंतीजवळच्या बाकावर हात मांडीत घेऊन सरळ बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हे त्यांनी मुद्दाम केलं असावं.

"हा शब्द तुम्ही घातलात?" यशवंतरावांनी विचारलं. मी हो म्हणालो. "लिहिताना तुमच्या मनात कोण होतं?" घरातील सर्व माणसे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते इतक्या वेळा माळावर म्हटलं होतं की गुराख्यांनाही पाठ झालं असेल. पण त्यांनी 'काय' विचारलं नाही, 'कोण' विचारलं, आणि त्या एका शब्दानं माझी सगळी तयारी ढासळली. "माझी पत्नी," मी म्हणालो. खोलीत कुणीतरी श्वास सोडला, इकबाल असावा. मालोजीरावांनी टेबलावर पंजा टेकला. यशवंतराव लिहायला लागले तेव्हा मी म्हणालो, "थांबा. माझ्या मनातलं ते झालं. पण माझ्या मनावर बारा जणांनी सह्या केलेल्या नाहीत. मी कागद वाचला, त्यांनी ऐकला, त्यांना जे कळलं त्यावर त्यांनी सह्या केल्या. तेव्हा रंगरावनं विचारलं होतं की यात ताई येते ना. आणि मालोजीराव येती की, असं म्हणाले होते." मग मला पुढचंही बोलावं लागलं, कारण ते न बोलता मला घरी जाता आलं नसतं. "पण साहेब, याची मला खात्री नाही. हे मला नोटिशीनंतर आठवलं. आम्ही चिंचेखाली बसलो होतो असं मला स्पष्ट दिसतं. पण मला व्हावंसं वाटतं तेच मला आठवत असेल. माझ्या बोलण्यावर निकाल देऊ नका." इतकं सलग मी पन्नास वर्षांत बोललो नव्हतो.  मी कुसुमताईंची जागा घालवली होती, स्वच्छ, बिनचूक.

यशवंतरावांनी टाक खाली ठेवला. "मालोजीराव, तुमचं काय म्हणणं?"  मालोजीराव माझ्याकडे बघत होते, रागानं नव्हे. एखादा बैल गाडीला उलटा जुंपलेला दिसावा तसं. "ह्यो मानूस लई वंगाळ साक्षीदार हाय, सायेब," ते शेवटी म्हणाले. "सोताच्या बाजूनं बी धड बोलत न्हाई." "ते दिसतंय. तुमचं काय?" मालोजीरावांनी फेट्यात बोट घालून डोकं खाजवलं. "चिच कुटली? त्या माळाव चिच कवा हुती? बाभळ हुती. काटं झाडून सतरंजी टाकली, म्याच टाकली."  बाहेर शिपाई कुणालातरी हाका मारत होता. "आन् येती की, आसं न्हाई म्हनलो म्या. म्या म्हनलो, ताई न्हाई आली तर आमास्नी हुलग्याचं शेंगोळं कोन घालंल? समदी हसली. रंगराव बी हसला." मग ते जरा चढ्या आवाजात, जणू कुणी त्यांच्यावर आरोपच केला होता अशा थाटात म्हणाले, "इसरलो न्हवतो म्या. इचारलं न्हाई कुनी."

बाभूळ! मला तिथेच बसून हसावंसं वाटलं. माझ्या आठवणीत चूक होती. तिच्यात झाडच चुकलेलं होतं. इतकी ढळढळीत चूक ज्या प्रुफात आहे ते बनावट कसं असेल? यशवंतराव लिहीत होते, मध्येच शिंकत होते. अर्थ सभासदांनी समजून घेतला तो धरावा, बहीण कुटुंबात येते, कमिटीचा ठराव रद्द, गाळा तिच्या नावे करावा, असं ते लेखनिकाला हळूहळू सांगत होते, आणि मला त्यातलं एकही अक्षर दिसत नव्हतं. कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला होता. मालोजीराव खिडकीबाहेर बघत बसले होते.

परतीच्या एसटीत कुसुमताईंना पुढं बायकांपाशी जागा मिळाली. इकबाल दारातल्या दांड्याला धरून उभा होता. माझ्या शेजारी मालोजीराव येऊन बसले, कारण दुसरी जागा नव्हती. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. मला त्यांचे आभार मानायचे होते आणि जावयाबद्दल वाईट वाटतं असंही म्हणायचं होतं. खडकी गेली, बोपोडी आली, मी दोन्ही म्हणालो नाही. पूल ओलांडून दापोडीला गाडी थांबली तेव्हा तेच म्हणाले, "आता घरी बोलनी खायाची हायती मला. लेक हप्ताभर बोलनार न्हाई." मी म्हणालो, "मी येऊ का समजवायला?" "नगं! तुमी आला तर तिला म्हनशीला, तुजंच खरं आसंल." ते स्वतःच्याच बोलण्यावर खाकरून हसले. मग गंभीर झाले. "दत्तोबा, त्यो सबूद काडा पोटनियमातनं. पुन्यांदा लफडं नगं. दुसरा घाला कंचा तरी." "कुठला घालू?" मी विचारलं. "बगू की, सापडंल," ते म्हणाले आणि विचार करायला लागले. मीही करत होतो. घरची माणसे. नातलग. आश्रित, छे, आश्रित नको. फुगेवाडी गेली. मालोजीरावांचे ओठ हलत होते, एकेक शब्द चाखून ते सोडून देत होते. पुढच्या बाकावर कुसुमताई शेजारच्या अनोळखी बाईचं मूल मांडीवर घेऊन त्याला खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवत होत्या. कासारवाडीचा थांबा आला तसे मालोजीराव माझ्याकडे वळले.

"ऱ्हाऊ द्या त्योच," ते म्हणाले. "आता ठावं झालंय समद्यास्नी."